खाऊ छापण्याचा धंदा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

खाद्यपदार्थ छापणाऱ्या यंत्रांविषयी या सदरात गेल्या वेळी थोडी माहिती आली होती. त्यावर मराठवाड्यातील वाचकांची बरीच पत्रे आली. बहुतेकांनी एकच विचारले आहे, की यातून आपल्या गावात धंदा उभा राहील का. त्यांतील तीन पत्रे निवडून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी गेली चार वर्षे घरून केक तयार करून देते. महिन्याला तीस-पस्तीस केक जातात. मुलाने मोबाइलवर चॉकलेट छापणारे यंत्र दाखवले आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. बचत गटाचे कर्ज आणि घरची शिल्लक मिळून दोन लाख रुपये उभे राहतील. यंत्र घ्यावे का?
— एक भगिनी, उदगीर

उत्तर : ताई, आपल्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. एका प्रकारात खाण्याच्या शाईने खाण्याच्या कागदावर चित्र छापतात आणि तो कागद केकवर बसवतात, ज्याला आपण सगळे फोटो केक म्हणतो. दुसऱ्या प्रकारात यंत्र चॉकलेट, साखर किंवा पिठाचा लगदा बारीक तोटीतून थरावर थर सोडत वस्तूच उभी करते, याला थ्रीडी छपाई म्हणतात. मुलाने आपल्याला दाखवले ते हे दुसरे यंत्र असणार. माझे स्पष्ट मत असे आहे, की आज आपण पहिला प्रकार सुरू करावा आणि दुसऱ्यासाठी कर्ज काढू नये.

याचे पहिले कारण आपल्याकडचा उन्हाळा. खऱ्या चॉकलेटमधील कोको बटर सुमारे 34 अंश सेल्सिअसला वितळते आणि उदगीर-लातूरकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 च्या पुढे जातो. त्यातही चॉकलेट नुसते वितळवून भागत नाही. डार्क चॉकलेट साधारण 45 ते 50 अंशांपर्यंत तापवायचे, 27-28 पर्यंत उतरवायचे आणि पुन्हा 31-32 वर आणून धरायचे, याला टेम्परिंग म्हणतात. हे जमले नाही तर चॉकलेटला चकाकी येत नाही, ते खटकन तुटत नाही आणि काही दिवसांत त्यावर पांढुरका थर दिसू लागतो. यंत्राच्या तोटीत हे तापमान तासन्‌तास अंश-दोन अंशांच्या आत टिकवावे लागते, म्हणजे खोली थंड हवी आणि वीज अखंड हवी. मध्येच वीज गेली तर अर्धवट राहिलेला नग बहुधा वितळवून पुन्हा पहिल्यापासून छापावा लागतो. कंपाउंड चॉकलेट वापरले तर टेम्परिंगचा त्रास वाचतो, कारण त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य स्निग्धता असते. मात्र चवीतला फरक जाणत्या गिऱ्हाइकाला कळतो.

दुसरे कारण वेळेचे आहे. समजा, नाव लिहिलेल्या एका चॉकलेट-पट्टीला यंत्र पंधरा मिनिटे घेते. आठ तास न थांबता चालले तरी दिवसाला 32 नग होतील. बारा खणांच्या साध्या साच्यात तेवढेच नग तीन घाण्यांत निघतात. यंत्राचा खरा उपयोग प्रत्येक नग वेगळा असतो तेव्हाच आहे, आणि वेगळेपणाचे जास्तीचे पैसे मोजणारी किती गिऱ्हाइके आपल्याकडे येतात, हे आपल्या वहीवरून आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

फोटो केकचे गणित लहान असले तरी आपल्या हातात राहते. समजा, महिन्याच्या 35 केकपैकी 12 गिऱ्हाइकांनी फोटो मागितला आणि कागद-शाईचा खर्च वजा जाता एका केकमागे 100 रुपये उरले, तर महिन्याला 1,200 आणि वर्षाला 14,400 रुपये होतात. आकडे मी धरलेले आहेत, आपण आपले घालावेत. परंतु वर्षभरात जेवढे वसूल होईल त्याहून जास्त रक्कम यंत्रात अडकवू नये, हा माझा आग्रह आहे. त्याआधी दोन महिने शहरातून छापील शीट मागवून विक्री करून पाहावी. मागणी दिसली तर प्रिंटर घ्यावा.

प्रिंटर घेताना तो कोराच घ्यावा. ज्यात एकदा साधी शाई गेली, तो कितीही धुतला तरी खाण्याच्या कामाला घेऊ नये. रोज एक लहानसे रंगीत चित्र छापावे, कारण आपल्या कोरड्या हवेत शाई प्रिंटरच्या शाई सोडणाऱ्या डोक्यात वाळते आणि छिद्रे बुजतात. आयसिंग शीट म्हणजे साखरेचा खाण्याचा कागद, तो उन्हाळ्यात कडक होऊन तडकतो आणि पावसाळ्यात चिकटतो, म्हणून तो हवाबंद पिशवीत ठेवावा व लागेल तेवढाच बाहेर काढावा. स्टार्चचा वेफर पेपर स्वस्त पडतो, पण ओल्या क्रीमवर त्याला सुरकुत्या पडतात. क्रीमवर आयसिंग शीटच चांगली बसते.

शाईविषयी मात्र कोणतीही तडजोड करू नये. आपल्या देशात खाण्यासाठी परवानगी असलेले कृत्रिम रंग मोजके आठ आहेत, उदाहरणार्थ टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोसिन, ब्रिलियंट ब्लू. बाटलीवर घटकांची यादी आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक नसेल तर ती शाई परत करावी. 2024 मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटकात म्हातारीच्या केसांवर कारवाई झाली, ती त्यांत रोडामिन-बी हा कापड रंगवण्याचा रंग सापडल्यामुळे. हा खाऊ पहिल्यांदा लहान मुलांच्याच तोंडी जातो, हे क्षणभरही विसरता कामा नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे आपली नोंदणी झालेली नसेल तर ती आधी करून घ्यावी. घरगुती व्यवसायालाही ती लागू आहे.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. देवदेवतांची आणि महापुरुषांची चित्रे कापायच्या केकवर छापून देऊ नयेत. गिऱ्हाईक आग्रह धरते, परंतु सुरी फिरवताना कोणाच्या तरी मनाला ती लागते आणि बोल छापणाऱ्यावर येतो. परवानगीविना कार्टूनची चित्रे छापून विकणे कायद्याने अडचणीचे आहे. बाळाचा फोटो, आजी-आजोबांच्या लग्नातला जुना फोटो, डोहाळजेवणासाठी घरच्या मुलीने काढलेले चित्र, अशा कामाला अडचणही नाही आणि मोलही अधिक मिळते.

प्रश्न : माझ्याकडे प्लॅस्टिकच्या वस्तू तयार करणारा थ्रीडी प्रिंटर आहे. त्यातच बदल करून साखरेच्या किंवा जेलीच्या गोळ्या छापता येतील का? हा प्रयोग जगात कोणी धंदा म्हणून यशस्वी केला आहे का?
— एक पदविकाधारक तरुण, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : प्रयोग जुना आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या फॅब ॲट होम या खुल्या आराखड्याच्या यंत्राने 2006 च्या सुमारास चॉकलेट आणि चीजसारखे पदार्थ छापून दाखवले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात कँडीफॅब नावाच्या घरगुती बनावटीच्या यंत्रात साखरेच्या थरावर गरम हवेचा झोत फिरवून साखर जागच्या जागी वितळवली गेली आणि त्यातून मोठ्या आकृती निघाल्या. 2014 मध्ये थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीने साखर छापणारे शेफजेट जाहीर केले, हर्शी या चॉकलेट कंपनीशी हात मिळवले आणि 2015 मध्ये कोकोजेट हे चॉकलेटचे यंत्र दाखवले. त्या वेळी दोन-तीन वर्षांत घरोघरी अशी यंत्रे येतील असे बोलले जात होते, ते घडले नाही. जे त्यातल्या त्यात चालले ते जर्मनीच्या कात्येस कंपनीच्या मॅजिक कँडी फॅक्टरीचे काम, आणि त्याचे कारण आपण नीट पाहावे असे मला वाटते. दुकानात आलेल्या मुलाने आकार आणि चव निवडायची, डोळ्यांसमोर पाच-एक मिनिटांत गोळी छापून घ्यायची आणि हातात घेऊन जायचे. तेथे गोळीबरोबर ती तयार होताना पाहण्याचेही पैसे मिळत होते. आपल्याकडे ही जागा जत्रेत, प्रदर्शनात, शाळेच्या आनंदमेळाव्यात आणि लग्नाच्या मांडवात आहे.

आता आपल्या यंत्राविषयी. प्लॅस्टिक वितळवणारे डोके तसेच ठेवून त्यातून अन्न सोडू नये. त्यात जुन्या प्लॅस्टिकचा अंश राहतो आणि पितळी तोटीत शिसे असू शकते. डोके काढून त्या जागी स्टेनलेस स्टीलची किंवा खाद्यपदार्थांसाठीची सिरिंज आणि ती दाबणारी मोटर बसवावी. अन्नाला लागणारा प्रत्येक भाग सुटा करून गरम पाण्याने धुता आला पाहिजे. लगदा दाबल्यावर वाहणारा, पण पडल्यावर लगेच स्थिर राहणारा हवा. चकलीच्या सोऱ्यातले पीठ हेच करते, आणि पीठ सैल झाले की चकलीचे काटे बसतात हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. छापण्याच्या लगद्याची पहिली परीक्षा म्हणून तोच सोऱ्या हातात घ्यावा.

जेलीसाठी जिलेटिन घेऊ नये. ते प्राणिजन्य असल्यामुळे आपल्याकडची अनेक घरे त्याला हात लावणार नाहीत, शिवाय सुमारे 35 अंशांना ते वितळू लागते. चायना ग्रास म्हणजे अगर समुद्री शेवाळापासून मिळते आणि एकदा घट्ट झाल्यावर 85 अंशांच्या आसपासच पुन्हा वितळते, त्यामुळे वैशाखातही ते उभे राहील. पेक्टिन हा दुसरा पर्याय आहे आणि तो लिंबूवर्गीय फळांच्या सालीतून काढतात. जालन्याची मोसंबी आणि बीडचे सीताफळ यांना भौगोलिक मानांकन आहे. या फळांच्या चवीची, गिऱ्हाइकाचे नाव धारण करणारी गोळी मला बाजारात कोठे दिसलेली नाही, आणि ती आपल्या भागातून यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. सीताफळाचा गर तापवल्यावर कडवट होतो, म्हणून सुरुवात मोसंबीपासून करणे बरे. तिचा रसही लवकर कडू होतो, तेव्हा ताजा काढून लगेच वापरावा.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. लगदा किती दिवस टिकतो, त्यात पाणी किती असावे, हे प्रश्न घेऊन तेथील अध्यापकांना अवश्य भेटावे. तमिळनाडूत तंजावूर येथील अन्नप्रक्रियेच्या राष्ट्रीय संस्थेत भरडधान्ये आणि डाळींच्या पिठांपासून छापील पदार्थ करण्याचे संशोधन झाले आहे. ज्वारी आणि तुरीच्या आपल्या प्रदेशाला हा धागा जवळचा आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, असे कर्जाशी जोडलेले अनुदान ठरले होते. अर्ज घेणे सुरू आहे का, हे जिल्हा कृषी कार्यालयात विचारावे. अनुदान मिळणार म्हणून मोठे यंत्र घेणे मात्र टाळावे.

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्यांपासून होळी-पाडव्याच्या गाठी आणि हार-कडे तयार होतात. ही यंत्रे आली तर आमच्या साच्यांचे काय होणार?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : आपल्या साच्यांना या यंत्रांपासून भय नाही. लाकडी साच्यात दोरा घालून पाक ओतायचा आणि क्षणात गाठीची माळ काढायची, या वेगाच्या जवळपासही कोणतेही छापणारे यंत्र येत नाही. उलट, वरच्या पत्रातील तरुणासारख्या कोणाला तरी आपण हाताशी धरावे, असे मी सुचवतो. साचे कोरणारे सुतार आता मिळत नाहीत, ही तक्रार मी अनेक गाठीवाल्यांकडून ऐकली आहे. जुन्या साच्याचे माप घेऊन त्याचा नमुना प्लॅस्टिकमध्ये छापता येतो आणि त्या नमुन्यावर खाद्यपदार्थांसाठीचे सिलिकॉन ओतून नवा साचा तयार होतो. पाक प्लॅस्टिकच्या नमुन्यात थेट ओतू नये. साधे प्लॅस्टिक त्या उष्णतेने वाकते आणि त्याच्या थरांमधील फटींत अंश अडकून राहतो. सिलिकॉन ती उष्णता सहज सोसते.

याच मार्गाने नवा माल निघेल. जावयाच्या पहिल्या पाडव्याला त्याच्या नावाचे पदक असलेली गाठी, बाळाच्या पहिल्या होळीला त्याच्या नावाचे कडे, रुखवतात वधूवरांची नावे असलेली साखरेची फुले, या वस्तूंना घरोघर मागणी येऊ शकते. सिलिकॉनमध्ये पाक आवळायला लागणारा वेळ लाकडापेक्षा वेगळा असेल आणि अक्षरांच्या बारीक कडा सुरुवातीला तुटतील, म्हणून अक्षरे जाड व उथळ ठेवावीत. हे काम दिवाळी संपताच हाती घ्यावे, म्हणजे होळीची गर्दी सुरू होण्याआधी आठ-दहा घाणे काढून पाहता येतील आणि चुकलेला साचा पुन्हा ओतायला वेळ राहील.