एक्स-स्टँडवर माझा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड डुलतो आणि घसरतो, काय करावं?

आधी स्टँडची उंची बघा. एक्स-स्टँड, म्हणजे X सारख्या फुलीच्या पायांचा स्टँड, जितका उंच कराल तितके त्याचे पाय जवळ येतात आणि तो डुलायला लागतो. उभं राहून वाजवत असाल तर दुहेरी दांड्यांचाच एक्स-स्टँड घ्या. तुमचा ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड त्यावर छान राहील. ८८ वजनदार पट्ट्यांचा असता तर मी टेबलासारखा चौपायी स्टँडच घ्या म्हटलं असतं.

घसरण्याचं कारण बहुतेक वेळा वरच्या दांड्यांवरचं रबर असतं. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात ते कडक, गुळगुळीत होतं. नखाने दाबून बघा, दबलं नाही तर बदला. तोवर ड्रॉवरमध्ये अंथरतात ती जाळीदार रबरी मॅट कापून दांड्यांवर गुंडाळा. कार्यक्रमाला वेल्क्रोचा पट्टाही बांधा.

आणि वायर! नागपूरच्या महाल भागात गणपतीच्या एका कार्यक्रमात कुणाचा तरी पाय अडॅप्टरच्या वायरीत अडकला आणि माझा कीबोर्ड खाली आला, कोपऱ्यातल्या दोन पट्ट्या तुटल्या. तेव्हापासून मी वायर थोडी सैल ठेवून स्टँडच्या पायाला खाली बांधतो. म्हणजे झटका स्टँडच्या पायाला बसतो, पिनेला नाही. मांडवातल्या स्टेजच्या पाटांवर स्टँडचे पाय ठेवताना फटी मात्र नक्की बघा.