शेडिंजा हवाय? आधी टीममध्ये जागा कर

पोकेमॉन गेममध्ये तुझा निन्काडा (शेडिंजा ज्याच्यापासून मिळतो तो पोकेमॉन) २० व्या लेव्हलला पोचायच्या आत टीममधली एक जागा रिकामी ठेव आणि बॅगेत एक साधा पोकेबॉल (पोकेमॉन पकडायचा चेंडू) असू दे. निन्काडाचा निन्जास्क होईलच, पण त्याने टाकलेली कात, म्हणजे आपला शेडिंजा, या दोन गोष्टींशिवाय हाती लागत नाही. जुन्या रुबी-सफायर गेम्समध्ये पोकेबॉलची अट नव्हती, जागा मात्र तिथेही लागते.

शेडिंजाचा एचपी (जीव किती उरला ते) कायम १ दिसेल, घाबरू नकोस. वंडर गार्ड या त्याच्या खास क्षमतेमुळे फायर, फ्लाइंग, रॉक, घोस्ट, डार्क सोडले तर बाकीच्या टाइपचे हल्ले त्याला लागतच नाहीत. समोरच्याने सर्फ हा पाण्याचा हल्ला मारला तरी हा जागचा हलत नाही, काय मजा येते! जीव जातो तो विषाने, वाळूच्या वादळाने आणि सगळ्यात जास्त स्टेल्थ रॉकने (मैदानात पेरलेले दगड, उतरताच लागतात). म्हणून रॅपिड स्पिनवाला (ते दगड उडवून लावणारा) जोडीदार आधी उतरव, मगच याला.