माळा उतरवण्याआधी

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्र

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "सर, दोन दिवसांची सुट्टी टाकलीय. माणसं सांगितलीत, शनिवार-रविवारात खणभागातलं घर आवरते आणि आईला नव्या फ्लॅटवर घेऊन जाते." मी नुसतं 'बरं' म्हणालो, पण नंतर झोप लागेना. तुझ्या बोलण्यात जी घाई होती ती चार वर्षांपूर्वी माझ्याही बोलण्यात होती. त्या घाईत माझ्या हातून जे झालं ते तुझ्या हातून होऊ नये, म्हणून हे पत्र.

छत्तीस वर्षांचं घर दोन दिवसांत आवरत नाही. खरेदीदाराला ताबा ३१ मेला द्यायचाय ना? मग पाडवा झाला की सुरुवात कर. दर शनिवारी ये, रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत जा. अक्षय तृतीयेला नव्या घरात दूध उतू घाला, म्हणजे आईंच्या मनालाही बरं वाटेल, आणि उरलेलं मे महिन्यात हळूहळू आणता येईल. पाऊस लागायच्या आत सगळं झालं पाहिजे, हे तुला सांगायला नको. तू सांगलीची आहेस.

सांगलीची आहेस म्हणूनच एक गोष्ट तुला सांगितली की लगेच पटेल. तुझ्या पुण्यातल्या मैत्रिणींना ती कळायची नाही. आपल्या घरांत एवढं सामान का साठतं? लोक म्हणतात जुन्या बायकांना टाकवत नाही. ते अर्धंच खरं आहे. बाकीचं अर्धं कृष्णामाईचं आहे. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला परत आलं. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या आठवड्यात जे माळ्यावर होतं ते वाचलं. खालचं सगळं गाळात गेलं. तेव्हापासून जुलै लागला आणि 'पुलाला किती झालं?' अशी विचारपूस सुरू झाली की गल्लीतल्या प्रत्येक घरात शिडी लागते. ट्रंका वर जातात, बरण्या वर जातात, लग्नातले अल्बम वर जातात. पाणी चढलं नाही तर सप्टेंबरात थोडं खाली येतं, बाकीचं तिथंच राहतं. पुढच्या वर्षी त्यावर आणखी थर.

तेव्हा तुमच्या माळ्याला अडगळ म्हणू नकोस, निदान आईंच्या समोर तरी. तिथली एकेक वस्तू कुणीतरी 'ही वाचली पाहिजे' असं म्हणून शिडीवरून वर दिलीय. तुझे बाबा असताना त्यांनी दिलीय, ते गेल्यावर आईंनी शेजारच्या पोराला हाताशी धरून दिलीय. आता तू तीच वस्तू खाली काढून 'टाकू का' विचारणार. त्यांना काय वाटेल, याचा विचार कर.

मग विचारायचं कसं? माळ्याखाली आईंना खुर्ची टाकून बसव, पंखा लाव, चहा दे. तू किंवा कुणी धडधाकट मुलगा वर चढा आणि एकेक वस्तू खाली द्या. ट्रंकच्या ट्रंक एकदम उतरवू नका. प्रत्येक वस्तू आईंच्या हातात जाऊ दे. आणि 'हवंय का?' असं चुकूनही विचारू नकोस. 'हवंय का' म्हटलं की आपल्या आयांचं एकच उत्तर असतं, "असू दे." छत्तीस वर्षं 'असू दे' म्हणत म्हणतच ते घर भरलंय. त्याऐवजी विचार, "हे कुणाचं?" मग बघ. परातीच्या काठाला मशीननं टिंबाटिंबांची अक्षरं काढलेली असतील: कुणाचं नाव, कुणाकडून, कुठल्या साली. ती आई वाचून दाखवतील, त्या मावशीचं काय झालं ते सांगतील, आणि सांगून झाल्यावर दहातल्या सहा वेळा स्वतःच म्हणतील, "तिच्या सुनेला देऊन टाकूया." त्या वेळी वही-पेन हाताशी असू दे. कुणाला काय, लगेच लिहून घे, आणि शक्य असेल तर त्याच संध्याकाळी पोचवून ये. रात्रभर घरात राहिलेली वस्तू सकाळी पुन्हा 'असू दे' होते.

वेळ लागेल. पहिल्या शनिवारी माळ्याचा एक कोपरासुद्धा होणार नाही. होऊ नये असंच मला वाटतं.

आता माझं सांगतो. हे मी फार जणांना सांगितलेलं नाही. २०२२ च्या मेमध्ये आम्ही गावभागातलं जुनं घर सोडलं तेव्हा माझी आई शहाऐंशीची होती. तिला त्रास नको म्हणून मी तिला आठ दिवस तासगावला बहिणीकडं नेऊन सोडलं आणि मागं घर आवरलं. मला वाटत होतं मी तिची काळजी घेतोय. न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. नळाशी थोडा पोचा आलेला, खालच्या जाळीत राख घट्ट बसलेली, एक कान पुन्हा जोडून घेतलेला. वीस वर्षं तो कुणी पेटवला नव्हता. नव्या घरात गीझर होता. मी तो मोडीच्या भावात दिला. दुकानदारानं लोखंडी जाळी काढून बाजूला टाकली आणि बंब काट्यावर आडवा ठेवला, तेव्हा आतून थोडं पाणी सांडलं. कधीचं पाणी होतं कोण जाणे. तो ओला डाग अजून डोळ्यांसमोर आहे.

नरक चतुर्दशीला पहाटे तिला उठवलं, तेल-उटणं लावलं, न्हाणीघरात नेलं. ती म्हणाली, "बंब कुठाय?" मी सांगितलं. ती काहीच बोलली नाही. गीझरचं पाणी अंगावर घेतलं, नवं लुगडं नेसली, फराळ केला. पण त्या दिवसानंतर तिनं घरातली एकही वस्तू कुठाय म्हणून विचारली नाही. पुढं बहिणीकडून कळलं, तो बंब भाचीला द्यायचं तिच्या मनात होतं. भाचीच्या मळ्यात अजून जळणावर पाणी तापतं. म्हणजे बंब आमच्या घरातून तसाही जाणारच होता. तो तिच्या हातून जायला हवा होता, एवढंच. पैसे किती आले ते मला आता आठवतही नाही.

म्हणून तुला कळकळीनं सांगतो, आईंना मामाकडं पाठवू नकोस. त्या रडतील, थकतील, एखाद्या दिवशी तुझ्यावर चिडतील. तरी त्या तिथंच असल्या पाहिजेत.

कपड्यांचं फार अवघड नाही. सुती साड्या, लुगडी बाजूला काढ आणि दोन वाकळा शिवून घे, एक तुला, एक भावाला. शिवणाऱ्या बायका आपल्याकडं अजून आहेत. शालू-पैठण्या घडीवर चिरतात, त्या उलगडून नव्या घड्या घाल. बाकीचं धुऊन, नीट घडी करून दे. फाटकं, मळकं दान म्हणून कुणाच्या दारात नेऊन टाकू नये. जुनी औषधं, फुटकं प्लास्टिक, बंद पडलेले मिक्सर यांना कुणाची परवानगी लागत नाही, ते सरळ जाऊ दे.

कागद मात्र तू स्वतः बघ, आणि दिवसा उजेडी बघ. त्याला एक अख्खा रविवार दे. आमच्या ट्रंकेत पुतण्याला एक जाड, पिवळा पडलेला कागद सापडला. त्यावर 'ता. वाळवा, जि. दक्षिण सातारा' असं होतं. तो म्हणाला, "काका, हे साताऱ्याच्या कुणाचं तरी आहे, रद्दीत टाकतो." ते माझ्या वडिलांचं खरेदीखत होतं. १९४९ ला जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि आपला भाग दक्षिण सातारा झाला. १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. तुमच्या पिढीला हे कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळं आपलेच कागद परक्याचे वाटतात. तसंच घरपट्टीच्या पावत्यांचं. महापालिका १९९८ ची, त्याआधीच्या पावत्या नगरपालिकेच्या. आणखी जुनं काही निघालं तर ते संस्थानच्या वेळचं असेल, कदाचित मोडी लिपीत असेल. वाचता येत नाही म्हणून टाकू नकोस. मोडी वाचणारी माणसं सांगलीत आहेत, मी घेऊन जाईन तुला.

२०१९ ला भिजून एकमेकांना चिकटलेले गठ्ठे निघतील. ते ओढून सोडवायला जाऊ नकोस, अक्षरं निघून येतात. तसेच कापडात बांधून बाजूला ठेव. नोंदवलेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकांकडं मिळते, थोडे हेलपाटे पडतात इतकंच. घराचे मूळ कागद खरेदीदाराकडं जातील, त्याआधी प्रत्येकाची झेरॉक्स आणि मोबाईलवर फोटो. बाबांची एखादी जुनी ठेव पावती निघाली तर 'आता काय मिळणार' म्हणून फाडू नकोस. दहा वर्षं व्यवहार नसलेली ठेव बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीकडं वर्ग करते, पण वारसांचा हक्क जात नाही, अर्ज केला की मिळते.

बाबांची पत्रं आणि डायऱ्या निघाल्या तर वाचत बसू नकोस. त्या थेट आईंच्या हातात दे. ठेवायच्या की नाही ते त्या ठरवतील, आणि का ते विचारू नकोस.

आता नव्या जागेचं. टेप घेऊन दाराची रुंदी, लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण मोज. माझं शिसवी कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं आणि चार हमालांनी ते पुन्हा खाली नेलं. कठड्याला घासून त्याचा कोपरा गेला. तुमचा सागवानी पलंग खुंट्यांचा आहे, तो सुटतो, पण सुताराकडून सोडवून घे. हमाल ठोकून काढतात आणि मग खुंट्या परत बसत नाहीत. पाटा-वरवंटा न्यायचाय असं आई म्हणाल्या तर नेऊ दे. बाल्कनीच्या कोपऱ्यात राहील. जातं मात्र गावाकडं कुणाला तरी दे, फ्लॅटच्या फरशीवर ते बसत नाही आणि खालच्या मजल्यावरचे वैतागतात.

पुस्तकं मोठ्या खोक्यात भरू नकोस, तळ फाटतो नाहीतर उचलणाऱ्याची कंबर जाते. आपल्याकडं बेदाण्याच्या पेट्या मिळतात, पंधरा किलोच्या. पुस्तकांना त्यासारखं दुसरं काही नाही. आकार लहान, पुठ्ठा मजबूत, एका माणसाला उचलेल एवढंच वजन. आतून थोडा गोडसर वास येतो, म्हणून भरण्याआधी उन्हात ठेव, नाहीतर मुंग्या लागतात. काचेच्या आणि चिनीमातीच्या बरण्या वाकळांत गुंडाळ. प्रत्येक पेटीवर आत काय आहे त्यापेक्षा कुठल्या खोलीत जायची ते मोठ्या अक्षरांत लिही, म्हणजे हमाल तुला दर वेळी विचारणार नाहीत. एक पिशवी वेगळी: आईंची औषधं, चष्मा, पासबुकं, चहा-साखर, एक पातेलं, काडेपेटी. ती टेम्पोत जायची नाही, तुझ्या खांद्यावर. देव आईंच्या मांडीवर, रिक्षातून, सगळ्यांत आधी.

फ्रीज आदल्या दिवशी बंद कर, उभाच न्यायला सांग, पोचल्यावर तीन-चार तास लावू नकोस. जुन्या घरातून निघताना वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढ. गॅसचं आणि रेशनकार्डाच्या पत्त्याचं काम मी बघतो, मला त्या खिडक्या माहीत आहेत.

आणखी एक. टेम्पो निघाला की लगेच कुलूप लावायची घाई करू नकोस. आईंना रिकाम्या घरात थोडा वेळ एकटं फिरू दे. माजघराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे, दोनदा रंग देऊनही ती वर येते. त्या तिथं हात लावून उभ्या राहतील असं मला वाटतं. तू दारात थांब, हाक मारू नकोस.

बेदाण्याच्या चाळीस पेट्या मी मार्केट यार्डात सांगून ठेवल्यात, पाडव्यानंतरच्या शुक्रवारी मिळतील. शनिवारी सकाळी नऊला मी टेप आणि शिडी घेऊन येतो. तुमच्या शिडीची खालची पायरी हलते, गेल्या वर्षी आईंनीच सांगितलं होतं. तू चढू नकोस, मी येईपर्यंत थांब.

आईंना नमस्कार सांग. त्यांचा काही निरोप असेल तर कळव.

तुझे
सर