डीव्हीआरचा पासवर्ड बदलला आणि एनव्हीआरवरचे कॅमेरे गेले

प्रश्न : माझ्याकडे जुना ८ चॅनलचा डीव्हीआर (सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं मशीन) आहे आणि नंतर घेतलेला एक एनव्हीआर (तेच काम नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांसाठी करणारं मशीन). इन्स्टॉलरने डीव्हीआरचे सगळे कॅमेरे एनव्हीआरमध्ये ॲड करून दिले होते, म्हणजे एकाच स्क्रीनवर सगळं दिसायचं. आता मी डीव्हीआरचा ॲडमिन पासवर्ड बदलला तर एनव्हीआरवर ते आठही बंद. नवीन पासवर्ड तिथे टाकला तरी कधी पासवर्ड चुकीचा म्हणतो, कधी युजर लॉक झालाय म्हणतो. मोबाइलवर तोच पासवर्ड बरोबर चालतोय. काय करू?

उत्तर : पासवर्ड तुमचा बरोबरच आहे, तो फक्त सगळीकडे पोचला नाहीये. डीव्हीआरचे कॅमेरे एनव्हीआरमध्ये ॲड करताना बहुतेक वेळा प्रत्येक चॅनलची वेगळी ओळ तयार होते, आयपी (म्हणजे डीव्हीआरचा नेटवर्कवरचा पत्ता) तोच, चॅनल नंबर वेगळा, आणि प्रत्येक ओळीत युजरनेम-पासवर्ड स्वतंत्र सेव्ह होतो. तुम्ही एका ओळीत नवा टाकला असेल तर बाकीच्या सात अजून जुनाच पासवर्ड घेऊन सारख्या दार वाजवतायत, डीव्हीआरला वाटतं कोणीतरी पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करतंय आणि तो लॉक करून टाकतो. हे लॉक बऱ्याच मॉडेलमध्ये ज्या आयपीवरून चुकीचं लॉगिन आलं त्यालाच लागतं, म्हणून एनव्हीआर अडकतो आणि मोबाइल आरामात चालतो.

तर आधी एनव्हीआरमध्ये त्या आठही ओळी डिलीट करा किंवा तात्पुरत्या बंद करा, म्हणजे चुकीचं लॉगिन थांबेल. मग लॉक सुटेपर्यंत थांबा, साधारण अर्धा तास धरून चला, घाई असेल तर डीव्हीआर रीस्टार्ट करून बघा, आणि मग आठही ठिकाणी नवा पासवर्ड टाकून एकेक चालू करा.

पण हे करायच्या आधी एक गोष्ट मनापासून सांगतो, लिंकसाठी ॲडमिन वापरूच नका. डीव्हीआरमध्ये वेगळा युजर बनवा, त्याला फक्त लाइव्ह बघायची आणि लागलं तर प्लेबॅकची परवानगी द्या, आणि एनव्हीआरमध्ये हाच युजर टाका. मग ॲडमिनचा पासवर्ड हवा तेव्हा बदला, लिंकला धक्का लागत नाही, आणि उद्या एनव्हीआर कोणाच्या हातात गेला तरी डीव्हीआर फॉरमॅट करायची ताकद त्याच्याकडे जात नाही. ही सोय असूनही बहुतेक ठिकाणी सगळीकडे एकच ॲडमिन आणि एकच पासवर्ड दिसतो, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने, म्हणजे हॅक केलेल्या उपकरणांच्या जाळ्याने, पासवर्डच्या अशाच ढिलाईचा फायदा घेतला होता, कंपनीचे डीफॉल्ट पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी ताब्यात घेऊन त्यांच्याकडूनच इंटरनेटवर हल्ले करवले.

डीव्हीआर आणि एनव्हीआर वेगवेगळ्या कंपनीचे असतील तर लिंक बहुधा ऑनव्हिफवर असेल, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेल्या सामायिक पद्धतीवर. तिथे दोन भानगडी असतात. एक म्हणजे काही मॉडेलमध्ये ऑनव्हिफचा युजर वेगळाच असतो, नेहमीच्या युजरचा पासवर्ड बदलला तरी तो बदलत नाही. आणि दुसरी म्हणजे घड्याळ! ऑनव्हिफच्या लॉगिनमध्ये वेळही पाठवली जाते, त्यामुळे दोन्ही मशीनच्या वेळेत जास्त फरक पडला तर अगदी बरोबर पासवर्डही नाकारला जाऊ शकतो. दोन्हीकडे तारीख, वेळ आणि टाइमझोन बघा, एनटीपी (नेटवर्कवरून वेळ आपोआप जुळवणारी सोय) चालू करा. आरटीएसपी लिंक (कॅमेऱ्याचा व्हिडिओ थेट मिळवायचा पत्ता) हाताने टाकली असेल तर त्यातला पासवर्डही बदलायला लागेल, आणि ॲटचं चिन्ह, कोलन, स्लॅश असली अक्षरं त्या पासवर्डात ठेवू नका कारण पासवर्ड पत्त्याच्या मधेच लिहिला जातो आणि ही चिन्हं आली की पत्ता भलतीकडेच तुटतो.

आणि हो, सगळं सुरळीत झालं की दोन्ही मशीनमध्ये पासवर्ड रीसेटसाठी ईमेल किंवा सिक्युरिटी प्रश्न भरून ठेवा, लॉगिन चालू आहे तोवरच ते भरता येतात.