वाचकांचे प्रश्न : मांबाचं वय, वावरातली धामण आणि कोठ्यातली कात

प्रश्न : पऱ्हाटीच्या ओळीतून सात फुटांचा काळपट साप सुसाट गेला. पोरांनी मोबाईल पाहून ‘ब्लॅक मांबा’ ठरवला. एवढा लांब म्हणजे जुनाट असेल, साप शंभर वर्षं जगतो, असं गावात म्हणतात. खरं काय?
(शेतकरी वाचक, घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर : तुम्ही पाहिली ती बहुधा धामण. मांबा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतला. आपल्या रानात तो नाही. शिवाय तो काळाही नसतो. अंग राखाडी, तपकिरी किंवा शेवाळी असतं. काळं असतं ते तोंड आतून. धमकावताना त्यानं जबडा उघडला की शाई ओतल्यासारखं दिसतं.

शंभर वर्षं कोणताच साप जगत नाही. मांबा ११ वर्षं जगल्याची नोंद आहे. लांबीवरून वय ठरवण्यात चूक कशी होते, ते याच सापावरून कळतं. मादी ६ ते १७ अंडी घालते आणि निघून जाते. ८०-९० दिवसांनी पिल्लं फुटतात, ती ४० ते ६० सेंटिमीटरची. विष पहिल्या दिवसापासून. खायला भरपूर मिळालं तर वर्षभरात तीच दोन मीटरच्या आसपास पोचतात. म्हणजे साडेसहा फुटांचा मांबा जेमतेम वर्षाचाही असू शकतो! पुढे वाढ मंदावते.

त्याचा मुक्काम वारुळात, पोकळ झाडात, खडकाच्या फटीत. कोणी छेडलं नाही तर रोज त्याच बिळात परततो. वेग ताशी १६ ते २० किलोमीटर, तोही थोड्या अंतरापुरता, आणि पळतो तो बहुतेक वेळा बिळाकडेच.

धामणीचे डोळे मोठे, गोल. ओठांच्या खवल्यांवर उभ्या काळ्या रेघा. ती बिनविषारी आहे, वावरातले उंदीर फस्त करते. कृपा करून तिला मारू नका. मात्र रेघा बघायला जवळ जाऊ नका. ओळख पटली नाही तर नाग समजूनच लांब राहा.

प्रश्न : कोठ्यात कुटाराजवळ कात सापडली. तिच्यावरून सापाचं वय कळतं का?
(वाचक भगिनी, हिंगणघाट)

उत्तर : नाही. वाढत्या वयातला साप म्हाताऱ्यापेक्षा जास्त वेळा कात टाकतो. लांबीही फसवते : कात ओठांपासून सुटते आणि मोजा ओढून काढावा तशी उलटी होत ताणली जाते, त्यामुळे ती सापापेक्षा लांब भरते.

पण ताई, पाठीची मधली ओळ नीट बघा. तिथले खवले बाजूच्यांपेक्षा मोठे, षटकोनी असतील तर मण्यार असू शकते. काही बिनविषारी सापांतही असे खवले असतात, तरी मण्यार धरूनच वागा. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दंश अनेकदा जाणवतसुद्धा नाही. म्हणून खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा. पहाटे पोट दुखलं, पापण्या जड झाल्या, गिळताना त्रास झाला, तर खूण शोधत बसू नका. कापू नका, आवळून बांधू नका. थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. तिथली प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते.