विम्यातली ‘वजावट’: कशातून आणि कोणाच्या खिशातून?

सांगलीच्या गावभागातल्या एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव विचारतात: “सभासदांच्या घरांच्या विम्यासाठी दोन कोटेशनं आली आहेत. सोबतच्या मराठी पत्रकात ‘वजावट जितकी अधिक, तितका हप्ता कमी’ असं वाक्य आहे. सभासदांचं म्हणणं, वजावटही जास्त आणि हप्ताही कमी, मग विचार कसला करता? वजावट म्हणजे सूटच ना? की पत्रकवाल्यांनी शब्द चुकवलाय? फलकावर लावायला एक सोपं वाक्यही सुचवा.”

शब्द बरोबर आहे. घोटाळा झालाय तो विभक्तीचा.

‘वजा’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मूळ अर्थ ठेवणे, खाली ठेवणे. त्याच मुळाला ढब, घडण असाही अर्थ आहे, म्हणून आपण ‘सूचनावजा पत्र’ किंवा ‘वाडावजा घर’ म्हणतो. तिथे काही उणं करायचं नसतं. हिशेबातला ‘वजा’ मात्र एकटा उभा राहू शकत नाही. त्याला ‘-तून’ लागतो: पगारातून वजा, बिलातून वजा. कशातून ते सांगितलं नाही, तर ऐकणारा आपल्या सवयीचा ‘-तून’ लावून घेतो.

आणि आपली सवय प्राप्तिकराची. 80सी, गृहकर्जाच्या व्याजाची वजावट वगैरे. ती उत्पन्नातून होते, त्यामुळे जितकी मोठी तितकं आपलं भलं. म्हणून तर आपण वजावट ‘मिळते’ म्हणतो. विम्यातली वजावट होते दाव्यातून, म्हणजे कंपनी जे पैसे देणार त्यातून. ती मिळत नाही, बसते. पत्रकात ‘दाव्यातून होणारी वजावट’ असं लिहिलं असतं, तर तुमच्या सभेत हा प्रश्नच निघाला नसता.

नुकसान मंजूर झालं 2 लाखांचं आणि वजावट 25 हजारांची, तर हातात 1 लाख 75 हजार. नुकसानच 20 हजारांचं असेल, तर हाती भोपळा. पहिली झळ आपण सोसायला तयार आहोत, म्हणून कंपनी हप्ता उतरवते.

याला दुसरे शब्दही चालतात. इंग्रजी पॉलिसीत बऱ्याचदा ‘एक्सेस’ (excess) असतं. त्याचं ‘अतिरिक्त’ असं मराठी कुठे दिसलं, तर फसू नका, जादा काहीच मिळत नसतं. गॅरेजवाले ‘फाइल चार्ज’ म्हणतात, तेही दिशाभूल करणारंच. ते शुल्क नव्हे, गाडीच्या विम्यातली अनिवार्य वजावट आहे: 1500 सीसीपर्यंतच्या कारला 1000 रुपये, त्याहून मोठ्या कारला 2000. शिवाय गाडीच्या दाव्यात घसारा वेगळा, प्लास्टिकच्या भागांवर तर 50 टक्के. घसारा जुनेपणाचा, वजावट कराराची. दोन्ही कापलंच जातं म्हणून एक समजू नये.

‘पदरमोड’ सुचवावासा वाटतो, पण नेमका बसत नाही. पदरमोडीत थोडी कौतुकाची किंवा कुरकुरीची छटा असते. सार्वजनिक गणपतीला कार्यकर्ता पदरमोड करतो. विम्यातला हा भाग आधीच ठरलेला, सही करून मान्य केलेला असतो. सरकारी योजनांतला ‘स्वहिस्सा’ अर्थाला जवळ आहे, पण त्याला कचेरीचा वास येतो. तोंडी समजावताना मी ‘पदरचा वाटा’ म्हणेन. ‘पदरचा वाटा जास्त, तर हप्ता कमी’ हे वाक्य कोणालाही पहिल्या फटक्यात कळतं.

आता कोटेशनांचं. आकडे तुम्ही कळवले नाहीत, म्हणून समजण्यापुरते धरू. पहिल्यात वजावट 5 हजार, वार्षिक हप्ता 4,000. दुसऱ्यात वजावट 25 हजार, हप्ता 3,200. दुसरं घेतलं तर वर्षाला 800 रुपये वाचतात, पण प्रत्येक मोठ्या दाव्यामागे 20 हजार जादा पदरचे जातात. ते भरून यायला 25 वर्षं लागतील. म्हणजे 25 वर्षांत एकदाही मोठा दावा आला नाही, तरच दुसरं फायद्याचं.

उंचावरच्या, पाणी न पाहिलेल्या घराला हा जुगार परवडेल. तुम्ही गावभागात राहता. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी 57 फुटांवर गेलं होतं. 2005, 2019, 2021 असे तीन महापूर धरा. ज्या घरात तिन्ही वेळा पाणी शिरलं, त्याचा 17 वर्षांत वाचलेला हप्ता 13,600 आणि जादा गेलेले पैसे 60 हजार. पावसाळ्यात ‘आयर्विनला किती फूट?’ हे विचारल्याशिवाय ज्यांचा चहा होत नाही, त्यांनी कमी वजावटीचंच कोटेशन घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. 1 एप्रिल 2021 पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पूर मुळातच धरलेला आहे. पण ठरवताना पदरचा वाटा पाहायचा राहून जाऊ नये.

सहीपूर्वी एका अव्ययाकडेही लक्ष द्या. ‘दाव्याच्या 5 टक्के किंवा 10 हजार’ यातलं ‘किंवा’ ग्राहकाच्या पसंतीचं नसतं. पुढे बहुधा ‘यांपैकी जे अधिक असेल ते’ असं असतं. तसं असेल, तर 4 लाखांच्या दाव्यावर तुमचे 10 नव्हे, 20 हजार जातील.

फलकावर लावायला वाक्य हवं होतं, ते असं लिहा: “नुकसानभरपाईतून प्रत्येक दाव्यामागे कापली जाणारी ठरावीक रक्कम म्हणजे वजावट, तेवढा खर्च सभासदाने स्वतः करायचा आहे. ही रक्कम जास्त ठेवल्यास वार्षिक हप्ता कमी होतो.” ‘प्रत्येक दाव्यामागे’ हे शब्द एजंटाकडून पक्के करून घ्या आणि मगच फलकावर चढवा.