‘एवढ्याशा जिवाला आयुष्यभर स्टेरॉइड?’

ॲड्रिनल ग्रंथी जन्मतःच नीट न घडलेल्या बाळांच्या घरून हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो आणि विचारणाऱ्याचं मला नवल वाटत नाही. स्टेरॉइडने सुजलेला कुणाचा तरी चेहरा त्यांनी जवळून पाहिलेला असतो.

असंच एक कुटुंब. ओळख पटेल असे तपशील गाळून सांगते. मुलगा तिसऱ्या आठवड्यात सारखा ओकू लागला, अंगावर पिईना, वजन उतरलं. रंगही गडद होत चालला होता. घरच्यांना वाटलं, आजोळच्या वळणावर गेला. रुग्णालयात सोडियम खूप खाली आणि पोटॅशियम वर निघालं. सलाइन आणि हायड्रोकॉर्टिझोन या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी तो वाचला. पुढे जनुकीय तपासणीत डॅक्स-१ या प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला.

डॅक्स-१ हे न्यूक्लिअर रिसेप्टरांच्या घराण्यातलं. पेशीच्या केंद्रकात राहून कोणती जनुकं किती चालवायची, यावर ते लक्ष ठेवतं. त्याचं जनुक १९९४ मध्ये सापडलं. ते बिघडलं की मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींचा बाहेरचा थर गर्भातच नीट घडत नाही. मग आजारपणात शरीराला तारून नेणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनत नाही, शरीरात मीठ टिकवणारं अल्डोस्टेरॉनही नाही. कॉर्टिसॉल कमी पडतंय म्हणून मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी जोर लावत राहते आणि तिच्या त्या संप्रेरकामुळेच त्वचा काळवंडते.

घरी गेल्यावर एका नातेवाइकांनी सांगितलं, ‘गोळ्या हळूहळू बंद करा.’ नशीब, आजींनी आधी आम्हाला विचारलं. मी म्हटलं, ‘आजी, दम्याला किंवा किडनीच्या सुजेला देतात तो डोस वेगळा, मोठा. निरोगी बाळाचं शरीर रोज जेवढं कॉर्टिसॉल स्वतः बनवतं, साधारण तेवढंच आपण याला बाहेरून देतोय. ते थांबवलं तर बाळ दगावेल.’ डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर उंची खुंटते, हेही मी लपवलं नाही. म्हणून तर दर भेटीत उंची-वजन मोजून डोस ठरतो. ताप आला की डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे तो दुप्पट-तिप्पट करायचा. उलटीमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर वाट न बघता इंजेक्शन द्यायचं आणि रुग्णालय गाठायचं.

आईशी मात्र मी आधी एकटीशी बोलले. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलग्याला ते गुणसूत्र आईकडूनच मिळतं. तिच्या तपासणीत ती वाहक, म्हणजे स्वतःला आजार नसताना दोष पुढे देऊ शकणारी, निघाली होती आणि ही गोष्ट सासरी कधी, कशी सांगायची हे तिनेच ठरवायला हवं होतं. ‘म्हणजे माझ्यामुळेच ना?’ ती म्हणाली. तिच्या खाण्यापिण्याने, ग्रहणाने किंवा धावपळीने यातलं काहीच झालेलं नव्हतं; हे तिला एकदा सांगून भागलं नाही. बोलता बोलता तिला आठवलं की तिचा एक भाऊ महिन्याभराचा असताना ‘उलट्यांनी’ गेला होता. खात्री आता कशी करणार? पण मला त्यात हाच आजार दिसला.

आणखी एक गोष्ट मी पहिल्याच महिन्यांत सांगते, काही सहकाऱ्यांना ती घाई वाटली तरी. डॅक्स-१ मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात आणि पिट्युटरीतही काम करतं, त्यामुळे या मुलांची वयात येण्याची प्रक्रिया बहुधा आपोआप सुरू होत नाही. तेव्हा टेस्टोस्टेरॉन द्यावं लागतं. पुढे मूल होण्यातही अडचण येऊ शकते. चौदाव्या वर्षी हे अचानक कळण्यापेक्षा आईबापांनी आधीपासून तयार असलेलं बरं.

सध्या या बाळाच्या आईच्या बहिणीची तपासणी चालू आहे. ती गरोदर आहे. ती वाहक असेल आणि मुलगा झाला, तर त्याला दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के. म्हणून प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना आम्ही आताच चिठ्ठी दिली आहे: मुलगा झाल्यास पहिल्या दिवसांपासून सोडियम, पोटॅशियम आणि कॉर्टिसॉल तपासावं, उलट्यांची वाट पाहू नये.